काळ्या मातीत लोह कमी कसं? रिपोर्टमधली ती 4.5 ची रेष कुणी ओढली?

मोहोळची_लेक

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात शाळेत शिकवते, माहेर मोहोळ तालुक्यात. आमचे अण्णा अजून स्वतः शेती बघतात, तीन एकर ऊस आणि दीड एकर डाळिंब. यंदा खोडव्यावर केवडा पडलाय, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, मधल्या एका पट्ट्यात तर कोवळी पानं पार कागदासारखी पांढरी झालीत. मी मागं लागून लागून माती तपासायला लावली, आता रिपोर्ट आलाय आणि घरात त्यावरून रोज वाद.

आकडे असे: सामू (पीएच) 8.4, क्षारता 0.38, सेंद्रिय कर्ब 0.46 टक्के, मुक्त चुना 14 टक्के, स्फुरद हेक्टरी 34 किलो, पालाश 520, लोह 3.2 पीपीएम, जस्त 1.9 पीपीएम. लोहापुढं लाल शिक्का, "कमी". शेजारी कंसात लिहिलंय की 4.5 च्या खाली गेलं की कमी.

अण्णा म्हणतात रिपोर्ट खोटा आहे. त्यांचं म्हणणं असं की ही काळी माती, पिढ्यानपिढ्या कसतोय, नांगराचा फाळ झिजून झिजून ह्याच मातीत गेला, हिच्यात लोखंड नाही म्हणजे काय. आणि खरं सांगू का, मला त्यांना उत्तर देता आलं नाही. मी मराठी शिकवते, सायन्सचा आणि माझा संबंध दहावीला संपला. पण मला खरोखर जाणून घ्यायचंय, की हा 4.5 आकडा कुठून आला? कुणी ठरवला, कुठल्या मातीवर, कुठल्या पिकावर? 4.4 ला आजारी आणि 4.6 ला बरं असं असतं का? कुणाला नीट माहीत असेल तर सविस्तर लिहा, मी अण्णांना वाचून दाखवणार आहे.

प्रयोगशाळेत_26_वर्षं

ताई, माती परीक्षणात माझी सगळी नोकरी गेली पण इतक्या वर्षांत हा प्रश्न मला दोन-चार जणांनीच विचारला असेल, बाकी सगळे फक्त "काय टाकू आणि किती टाकू" एवढंच विचारतात. तेव्हा जरा लांबण लागली तर वाचून घ्या.

आधी अण्णांना सांगा की ते बरोबर आहेत. तुमच्या मातीत लोह भरपूर आहे. काळ्या मातीत एकूण लोह टक्क्यांत असतं, एक टक्का म्हणजे 10,000 पीपीएम, आणि आपली माती ज्या बसाल्ट खडकापासून झाली त्यातच लोह ठासून भरलेलं. रिपोर्टमधला 3.2 हा आकडा त्या एकूण लोहाचा नाहीच. मुळाच्या हाताला लागेल असं किती, तेवढंच त्यात मोजलेलं असतं. घरात पोत्यानं ज्वारी आहे पण कणगीला कुलूप आणि किल्ली हरवलेली, तसं समजा.

कुलूप म्हणजे चुना आणि सामू. विलार्ड लिंडसे म्हणून अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे मृदाशास्त्रज्ञ, त्यांनी मातीतल्या रसायनांच्या समतोलावर आयुष्य घातलं. त्यांनी हिशोब मांडून दाखवला की सामू एका अंकानं वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेलं मोकळं फेरिक लोह हजारपट कमी होतं, आणि जस्त शंभरपट. म्हणजे 7.4 सामूच्या मातीत असं मोकळं लोह जेवढं असतं त्याचा हजारावा भाग 8.4 ला. झाड त्यावर काहीतरी तोडगा काढतं म्हणून तर जगतं, पण ओढाताण किती असेल बघा.

आता तुमचा 4.5. लिंडसे आणि त्यांचे सहकारी नॉर्व्हेल यांनी 1978 साली एक चाचणी मांडली, डीटीपीए चाचणी, आज आपल्याकडं लोह, जस्त, मँगनीज, तांबं या चौघांसाठी तीच वापरतात. डीटीपीए हे एक चिलेट आहे. चिलेट शब्द मुळात खेकड्याच्या नांगीवरनं आलाय, धातूचा कण नांगीत पकडून ठेवणारं रसायन. 10 ग्रॅम माती घ्यायची, त्यात 20 मिली द्रावण, बरोबर 2 तास हलवायचं, गाळायचं आणि यंत्रावर मोजायचं. मी हे किती हजार वेळा केलं असेल मोजदाद नाही, त्या हलवायच्या मशिनचा खडखडाट अजून कानात आहे.

पण त्यातली खरी हुशारी मला नोकरीत दहा वर्षं झाल्यावर कळली. चुनखड मातीवर कसलंही तीव्र द्रावण ओतलं की चुना विरघळतो आणि त्याच्या पोटात अडकलेलं लोह, जस्त बाहेर पडतं, जे मुळाला जन्मात मिळणार नसतं. मग आकडा मोठा येतो आणि शेतकरी फसतो. म्हणून ह्या माणसांनी द्रावणाचा सामू 7.3 वर बांधून ठेवला आणि त्यात कॅल्शियम क्लोराईड आधीच घातलं, म्हणजे चुना जागचा हलत नाही. थोडक्यात ही चाचणी तुमच्यासारख्या मातीसाठीच जन्माला आली.

आणि रेष? त्यांनी कोलोरॅडोच्या 77 माती घेतल्या, कुठल्या मातीत खत दिल्यावर पीक प्रतिसाद देतं आणि कुठल्यात नाही ते पाहिलं आणि मधे रेष ओढली. मक्यासाठी जस्त 0.8, लोह 4.5. प्रत्येक पिकाला ही मर्यादा वेगळी काढावी लागेल, माती दळायची-हलवायची पद्धत बदलली तरी आकडा बदलेल, हे पण त्यांनीच लिहून ठेवलं. आपल्याकडं जस्ताला बहुतेक ठिकाणी 0.6 धरतात, लोहाचा 4.5 तसाच चालत आला. म्हणजे तुमच्या उसाचा न्याय मक्याच्या रेषेवर चाललाय. तरी माझा अनुभव सांगतो, चुनखड जमिनीत 3.2 आणि शेंड्याला केवडा, दोन्ही एकत्र दिसले तर शंका घेऊ नका. नत्र कमी असतं तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडली असती, लोह मात्र जुन्या पानातून नव्या पानात जात नाही म्हणून मार शेंड्याला बसतो.

एकच गोष्ट मला खटकली. जस्त 1.9. इतक्या चुन्यात, इतक्या स्फुरदात एवढं जस्त सहसा येत नाही. नमुना कशात गोळा केला होता?

भीमाकाठ_पंढरपूर

ताई मी काय शिकलेला न्हाय पण केवड्यानं मला तीन वर्षं रडवलंय म्हणून सांगतो. दुकानदार म्हणला हिराकस टाका, म्हंजी लोहाचं खत, फेरस सल्फेट, मी एकरी 50 किलो हिराकस सरीत उघडा फेकला अन पाणी सोडलं. चार दिसात सरीत तांबडी साय धरली, लोखंडाचा गंज असतो ना तशी, आणि ऊस होता तसाच पिवळा. पैसे गेले ते गेले वर लोकं बघून हसायला लागली. नंतर कृषी विज्ञान केंद्राच्या साहेबांनी समजावलं की चुनखडीत मोकळा हिराकस पडला की त्याचा गंजच होतो, तो मुळाला मिळत न्हाय. विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 25 किलो हाय, पण ती शेणखताबरोबर, एकाला दहा असं मिसळून, पाणी शिंपडून पाच सहा दिवस सावलीत मुरवायचं अन मग मुळापाशी पेरून द्यायचं, वर फेकायचं न्हाय. ते केल्यावर फरक पडला, एकदम न्हाय, हळू.

फवारणी केली तर पान लवकर हिरवं होतं पण नवीन पान आलं की परत तेच, म्हणून दोन तीनदा मारावी लागती. 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम हिराकस. आता हितं बघा, माझ्या बोअरचं पाणी लई जड, पंपात हिराकस टाकला की पाच मिन्टात पाणी चहासारखं व्हायचं आणि मी तसंच मारायचो. ते चहा झालेलं पाणी म्हणजे लोह पंपातच मेलं! आधी पाण्यात लिंबू पिळायचं नायतर सायट्रिक आम्ल टाकायचं, मग हिराकस, पाणी फिकट हिरवट राह्यलं पायजे. ऊन उतरल्यावर मारा.

मोहोळची_लेक

दादा, चहासारखं पाणी वाचून अण्णा ताडकन उठून बसले, त्यांचं पण तसंच होत होतं आणि त्यांना वाटायचं औषधाचा रंगच तो.

काका, नमुना पत्र्याच्या बादलीत गोळा केला होता, नवीकोरी बादली, आणि मग युरियाच्या रिकाम्या पोत्यात भरून तालुक्याला नेला. चुकलं का?

अजून दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे सामू जास्त हीच अडचण असेल तर गंधक किंवा आम्ल टाकून सामूच उतरवला तर? दुकानात एकाने ड्रिपमधून आम्ल सोडायचा पूर्ण प्लॅन काढून दिलाय, खर्च बघून पोटात गोळा आला. आणि दुसरा प्रश्न मातीचा नाही. मातीबरोबर विहिरीचं पाणी पण दिलं होतं, त्यात नायट्रेट 68 आलंय. विहीर उसाच्या मधोमध आहे आणि घरात प्यायला तेच पाणी. माझी धाकटी बहीण बाळंतपणाला आलीय, बाळ दीड महिन्याचं आहे, दूध पुरत नाही म्हणून वरचं दूध चालू केलंय. त्यामुळं मी रात्रभर झोपले नाही. शिवाय आमच्या ओढ्याला वरच्या अंगाच्या एका कारखान्याचं तांबडं मळीचं पाणी अधूनमधून येतं, कुणाला बोलायची सोय नाही, ते पण यात असेल का?

प्रयोगशाळेत_26_वर्षं

बादली! बघा, म्हणूनच विचारलं. पत्र्याच्या नव्या बादलीला जस्ताचा मुलामा असतो, तुमच्या मातीतलं जस्त नव्हतं ते, बादलीचं होतं. पीपीएम म्हणजे दहा लाखात एक, तिथं मुलाम्याचा एवढासा चुरा पुरतो. आणि युरियाच्या पोत्यात माती नेली की नत्राचा आकडा वाया.

आम्लाचं आपण साधं गणित करू, मग दुकानदाराला दाखवा. एक एकराचा वरचा 15 सेंटीमीटरचा थर साधारण 9 लाख किलो भरतो. त्यात 14 टक्के चुना म्हणजे एकरी सव्वाशे टन. तेवढा चुना मारायला जवळपास तेवढंच सव्वाशे टन गंधकाम्ल लागेल, नुसतं गंधक म्हटलं तरी 40 टन. एकराला! सामू उतरेल पण चुना संपल्यावर, तोवर शेत विकावं लागेल. ड्रिपमधून थोडं आम्ल सोडलं तर नळ्यांतला चुना निघतो आणि मुळाजवळ काही वेळ फरक पडतो, तेवढाच त्याचा उपयोग. जमीन बदलत नाही.

डाळिंबाला मात्र ड्रिपमधून चिलेट देता येतं, पण पाकिटाची मागची बाजू वाचा. ईडीटीए वालं लोह साधारण साडेसहा सामूपर्यंतच टिकतं, तुमच्या मातीत कॅल्शियम त्याला नांगीतून ढकलून स्वतः बसतं. डीटीपीए वालं साडेसातपर्यंत. तुमच्या 8.4 ला ईडीडीएचए वालं लागतं, ते महाग आहे, तांबूस काळपट असतं. स्वस्त पाकीट घेऊन चार वेळा सोडण्यापेक्षा महाग एकदा घ्या. आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापुरातच आहात तर पानं घेऊन एकदा जाऊन या.

स्फुरद 34 म्हणजे भरपूर आहे, डीएपी (स्फुरदाचं खत) दरवर्षी टाकताय का? ते यंदा थांबवा, जास्तीचं स्फुरद जस्ताला आणि लोहाला अजून अडवतं.

उजनीचं_पाणी

मी पर्यावरणशास्त्रात संशोधन करते, पाणी आणि माती दोन्हीवर. ताई, बाळाचं आधी सांगते, बाकी नंतर.

बाळाच्या वरच्या दुधात, पावडर कालवायला, बाटली विसळायला ते विहिरीचं पाणी आजपासून वापरू नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, तुमचं 68. आणि उकळून चालणार नाही! उकळल्यावर जंतू मरतात पण नायट्रेट तिथंच राहतं, पाणी आटलं की उलट वाढतं. आरओचं पाणी आणा, किंवा तपासलेल्या दुसऱ्या ठिकाणचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, ओठ, नखं निळसर पडतात. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हे जोडून दाखवलं, खेड्यातली बाळं आणि घराजवळच्या विहिरींचं पाणी. आईनं तेच पाणी प्यायलं तर अंगावरच्या दुधातून फारसं जात नाही, धोका वरच्या दुधाचा. बाळ खेळतं, रंग चांगला आहे तर घाबरू नका, पण डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. आणि रिपोर्टवर "नायट्रेट" लिहिलंय की "नायट्रेट नायट्रोजन" ते बघा, दुसरं असेल तर मर्यादा 10 च आहे आणि मग 68 फारच भयंकर झालं.

हे आलं कुठून? मातीच्या कणावर ऋण भार असतो, नायट्रेटवर पण ऋण भार, म्हणून माती त्याला धरत नाही, पाण्याबरोबर सरळ खाली विहिरीत. खोडव्याला शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची आहे म्हणजे एकरी 100, युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात साधारण 21 किलो नत्र, म्हणजे पाचएक पोती, तीही हप्त्यानं. अण्णा किती टाकतात विचारा. घराजवळ उकिरडा, गोठा, संडासाचा शोषखड्डा असेल तर त्याचं पण येतं.

आता प्रयोगशाळेच्या काकांनी कुलुपाचं सांगितलं ना, त्यात मला एक भर घालायचीय कारण माझं सगळं काम त्यावरच आहे. जे कुलूप लोह अडवतं तेच विष पण अडवतं. सोलापूर शहराच्या आसपास नाल्याच्या सांडपाण्यावर भाजी होते, सांडपाण्यात कॅडमियम, शिसं असू शकतं, आणि आम्ही ते मोजायला पण तीच लिंडसेंची डीटीपीए चाचणी वापरतो, एकूण किती आहे यापेक्षा झाडाला किती मिळेल ते कळायला. आपल्या चुनखड मातीत हे धातू बऱ्यापैकी बांधले जातात. म्हणून सरसकट आम्ल ओतून सामू उतरवा म्हणणाऱ्याचा मला राग येतो, कुलूप उघडलं की लोहाबरोबर कॅडमियमही बाहेर येणार. पालकासारखी पालेभाजी तर कॅडमियम जास्तच ओढते. सांडपाण्यावरची जमीन असेल तर हे खेळ करूच नयेत.

स्फुरदाची गोष्ट नायट्रेटच्या उलटी. ते मातीला चिकटतं, खाली जात नाही, पण पावसात माती वाहिली की मातीबरोबर ओढ्याला, ओढ्यातून नदीला. उजनीचं हिरवं पाणी बघितलंय ना सगळ्यांनी, सोलापूर तेच पितं. त्यात पुणे आणि पिंपरी चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी असं करत भीमेतून येतं, तो मोठा वाटा आहेच, पण काठच्या शेतांतून येणारंही त्यात मिसळतं. कॅनडात डेव्हिड शिंडलर नावाच्या शास्त्रज्ञांनी 1973 साली आठाच्या आकड्यासारखं एक तळं घेतलं, 226 नंबरचं, आणि कमरेत पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र सोडलं, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. स्फुरदवाला अर्धा भाग शेवाळानं हिरवागार झाला, पडद्यापलीकडचा तसाच राहिला. वरून काढलेला तो फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला उजनीच आठवली. तुमच्या मातीत जे जास्तीचं 34 आहे ते तुमच्या उसाला नकोय, ताई, आणि खाली नदीला तर मुळीच नकोय.

मळीच्या पाण्याचं, एका नमुन्यावर बोट दाखवता येणार नाही. त्यात सेंद्रिय भार आणि पालाश प्रचंड असतो, ओढ्यातला ऑक्सिजन संपतो. पाणी येतं त्या दिवशी तारीख, वेळ लिहून फोटो काढा, ओढ्याचं वरच्या बाजूचं आणि खालच्या बाजूचं असं दोन ठिकाणचं पाणी स्वच्छ बाटल्यांत भरून त्याच दिवशी तपासायला द्या, आणि गावानं मिळून लेखी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं करा. एकट्यानं करू नका.

भीमाकाठ_पंढरपूर

लेकरू ठीक हाय का ते कळवा आधी. केवडा काय आज ना उद्या जातोय.

मोहोळची_लेक

बाळ छान आहे दादा, काल डॉक्टरांना दाखवलं, रंग वगैरे सगळं ठीक म्हणाले. रिपोर्टवर नुसतं "नायट्रेट" आहे, विचारून घेतलं. पाण्याचे जार सुरू केलेत. सगळ्यांचे मनापासून आभार, कुणी अनोळखी माणसासाठी एवढं लिहीत नाही.

अण्णांना रात्री सगळं वाचून दाखवलं. "एकूण" आणि "मिळणारं" यातला फरक त्यांना कणगीच्या कुलपामुळं एका झटक्यात पटला. बऱ्याच वेळाने म्हणाले, म्हणजे माती खोटं बोलत नव्हती आणि रिपोर्ट पण नाही. युरियाचा हिशोब काढला तर एकरी नऊ पोती निघाली, तेव्हा मात्र गप्प बसले. विहिरीकडं बघत होते. आमच्या आजोबांनी खणलेली विहीर आहे ती.

रविवारी परत नमुना घेणार आहोत. काका, कसा घ्यायचा तेवढं एकदा सांगा, आता चूक नको.

प्रयोगशाळेत_26_वर्षं

प्लास्टिकचं घमेलं आणि लाकडी खुंटी घ्या, लोखंडी खुरपं वापरायचं झालं तर त्यानं खड्डा काढा पण लोखंड लागलेली माती खुंटीनं खरवडून टाकून द्या आणि मग आतली माती घ्या. व्ही आकाराचा वीतभर खड्डा, कडेची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत. बांधाजवळ, उकिरड्याजवळ, झाडाखाली, पाण्याच्या पाटात घेऊ नका, नुकतंच खत टाकलेल्या जागी पण नको. आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो राहीपर्यंत. नव्या स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत भरा, खताच्या पोत्यात नाही.

आणि महत्त्वाचं, सगळं शेत एकत्र करू नका. पांढरी पानं झालेल्या पट्ट्याचा एक नमुना आणि शेजारच्या हिरव्या उसाचा दुसरा. दोन्हींचा मुक्त चुना वेगळा मागा. माझा अंदाज आहे त्या पट्ट्यात जुनी ताल म्हणजे बांध फोडून खालची चुनखड वर आलेली असणार, अण्णांना विचारून बघा, त्यांना आठवत असेल.